एका नळावरची माणसे



व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘बिऱ्हाडकरू’ असे उत्तर दिले. चिटणीस क्षणभर थांबले. काल याच व्यासपीठावर अंतराळयानांविषयी बोलणे झाले, उद्या सहकाराविषयी व्हायचे आहे. मधल्या दिवशी हे बिऱ्हाडकरू कुठे बसवायचे, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली. आम्ही म्हणालो, “मधल्या खोलीतच बसवा. त्यांना तिथेच बसायची सवय आहे.” विषय मंजूर झाला.

विषय हसण्याचा आहे, तसा तो शहाणपणाचाही आहे. आपल्या सोलापूर शहराची गेली दीडशे वर्षे ज्यांनी घडविली, त्यांतील फार मोठा भाग स्वतःच्या घरात कधी राहिलाच नाही. तो राहिला दुसऱ्याच्या वाड्यात, गिरणीच्या चाळीत, कारखानदाराच्या मागाशेजारी. आम्हीही १९६७ च्या जून महिन्यात मंगळवेढे तालुक्यातून एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन शिक्षकाच्या नोकरीसाठी येथे आलो आणि पुढील चौदा वर्षे तीन घरांत बिऱ्हाडकरू म्हणून काढली. या काळात जी माणसे भिंतीपलीकडे राहून गेली, ती सारीच आम्हांस विक्षिप्त वाटली. तशी ती का वाटली, आणि खरोखर होती का, हे आज सांगावयाचे आहे. त्यात आमची एक चूकही सांगावयाची आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘बिऱ्हाड’ हा शब्द आपल्या सीमाभागात परका नाही. कानडीत ‘बिडार’ म्हणजे मुक्कामाची, तळ ठोकण्याची जागा. घर म्हटले की त्यात मालकी आली, पिढ्या आल्या. बिऱ्हाड म्हटले की उठून जाण्याची तयारी आली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते यामुळेच. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा ज्या गावात एकाच नळावर पाणी भरतात, त्या गावाला या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही.

सोलापुरात सामाईक घरांचे मुख्य प्रकार तीन. पहिला वाड्याचा. मध्ये चौक, चारी बाजूंनी सोपे, वर माळवद. असा वाडा मूळ एकाच कुटुंबासाठी बांधलेला असे. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या, उत्पन्न घटले, आणि मालकाने सोप्यात फळ्या ठोकून खोल्या काढल्या. फळीची भिंत नजर अडविते, आवाज अडवीत नाही. शिवाय आपला उन्हाळा! एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेला की रात्री सारा वाडा अंथरुणे घेऊन माळवदावर येई. म्हणजे वर्षातून दोन महिने तेवढीही भिंत नसे.

दुसरा प्रकार चाळीचा. मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, जिला आपण जुनी गिरणी म्हणतो, ती १८७७ च्या सुमारास सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्या आल्या आणि त्यांच्याबरोबर चाळी आल्या. चाळीत खोल्या एका रांगेत, पुढे एकच ओटा, आणि साऱ्यांच्या दिवसाला चाल देणारा गिरणीचा भोंगा. आज या गिरण्या बंद आहेत आणि भोंगाही उरलेला नाही. परंतु ‘पहिल्या पाळीचा जन्म’, ‘तिसऱ्या पाळीचे लग्न’ असे बोलणारी माणसे आम्ही ऐकलेली आहेत.

तिसरा प्रकार पूर्व भागातला. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी घरातच माग मांडले. खाली माग, वर माणसे. किंवा माग आणि माणसे एकाच खोलीत. हाताखालचा कामगार पुष्कळदा कारखानदाराच्याच घरी जेवे आणि माग थांबला की दोन मागांमधल्या जागेत अंग टाकी. त्याचे घर आणि त्याचे काम यांत अंतर होते ते एका घोंगडीचे.

याच प्रकारांचे मोठे भावंड मुंबईत पाहावयास मिळे. तेथे सरकारने १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळी २०७ होत्या. गिरणगावात एका खोलीत दहा-पंधरा गडी राहत, आणि एका पाळीचे लोक कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागेवर झोपत. अंथरूण थंड व्हायला वेळच मिळत नसे. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली आणि साऱ्या महाराष्ट्राला या जीवनाची गोडी लागली. आता त्या सरकारी चाळी पाडून मनोरे उभे राहत आहेत; वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

घर कोणतेही असो, बिऱ्हाडकरूंची खरी भागीदारी चार गोष्टींत असते: नळ, शौचकूप, विजेचे बिल आणि रात्रीची कडी. साऱ्या भांडणांचे मूळ या चारांत सापडते. आमच्या पहिल्या वाड्यात सात बिऱ्हाडे होती आणि मीटर एक. प्रत्येकाने दिव्यामागे ठरलेले पैसे द्यावयाचे, असा नियम होता. त्यामुळे कोणाच्या घरी पंचवीसचा दिवा आणि कोणाच्या घरी साठचा, यावर जे संशोधन चाले, त्याच्या चौथाईत आमच्या विद्यार्थ्यांना पदार्थविज्ञान येऊन गेले असते. कडीचा नियम याहून कडक. दहा वाजता कडी. त्यानंतर येणाऱ्याने हाक मारावयाची आणि ज्याची खोली दाराजवळ, त्याने उठावयाचे. दाराजवळची खोली आमची होती. म्हणून वाड्यातील प्रत्येकाच्या सवयी आम्हांस इतरांपेक्षा अधिक ठाऊक झाल्या.

आता ‘विक्षिप्त’ या शब्दाविषयी. संस्कृतात त्याचा अर्थ इकडेतिकडे फेकलेले, विखुरलेले असा आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. तेथे विक्षिप्त ही काही फार खालची पायरी नव्हे. मधूनमधून स्थिर होणारे आणि पुन्हा उधळणारे चित्त ते विक्षिप्त. या व्याख्येप्रमाणे या सभामंडपातील आपण सारेच तिसऱ्या पायरीवर बसलेलो आहोत. व्यवहारात मात्र आपण ‘विक्षिप्त’ म्हणतो ते ज्याच्या वागण्याचे कारण आपणांस दिसत नाही त्याला. कारण दिसले की तोच मनुष्य ‘शिस्तीचा’ ठरतो.

चार उदाहरणे सांगतो. नावे सांगण्याचे कारण नाही. वाड्यात नावांनी कोणी ओळखले जातच नव्हते.

आमच्या समोरच्या खोलीत एक अण्णा राहत. यंत्रमागावर वीस वर्षे काढलेला मनुष्य. त्यांचे बोलणे म्हणजे गर्जना. रात्री अकरा वाजता ते पत्नीला हळूच काही विचारीत आणि त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी साऱ्या वाड्याला ठाऊक असे. मालकीणबाईंनी एकदा सांगितले, “अण्णा, जरा हळू की.” अण्णा म्हणाले, “हळूच बोलतोय की!” आणि चौकातील कबुतरे उडाली. आम्हांस वाटे, काय हा आडदांडपणा!

पुढे कळले. यंत्रमागाच्या शेडमधील आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. कानाच्या आतील शंखाकृती भागात सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. त्या आवाजाने झडतात आणि पुन्हा उगवत नाहीत. प्रथम जातात त्या उंच स्वर टिपणाऱ्या. म्हणून अशा माणसाला कोणी बोलत आहे हे ऐकू येते, पण ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ ही व्यंजने हरवतात, आणि काय बोलले ते कळत नाही. स्वतःचा आवाजही त्याला लहान भासतो. परंतु निसर्ग एका हाताने घेतो तेव्हा गरज दुसऱ्या हाताने देते. इंग्लंडात लँकेशायरच्या विणकरणी आवाजाच्या गोंगाटात ओठ हलवून एकमेकींशी बोलत. आमच्या अण्णांनाही ओठ वाचता येत होते. हे आम्हांस तीन वर्षांनी समजले. त्या तीन वर्षांत आम्ही सारे चौकाच्या पलीकडे उभे राहून त्यांच्याविषयी कुजबुजत आलो होतो आणि अण्णा ओट्यावर बसून शांतपणे सारे वाचीत आले होते. एका अक्षराने त्यांनी कधी उत्तर दिले नाही.

दुसरे उदाहरण रेल्वेतील. जिन्याखालच्या खोलीत एक फायरमन राहत. कोळशाच्या इंजिनांच्या काळात गाडीवर जाणाऱ्या माणसाला घरी येऊन उठविण्याची पद्धत होती. कॉलबॉय कंदील आणि वही घेऊन अवेळी येई, नाव पुकारी, आणि ‘बोलावणे पोचले’ म्हणून वहीत सही घेई. सही झाली की जबाबदारी फायरमनची. या गृहस्थांना झोपेत सही करण्याची इतकी सवय झाली होती की रात्री कोणी हाक मारून कागद पुढे केला की डोळे न उघडता ते विचारीत, “कुठं?” गणेशोत्सवात आम्ही त्यांच्याकडून रात्री दोन वाजता अकरा रुपयांच्या वर्गणीवर सही घेतली. सकाळी त्यांनी ती सही नीट पाहिली, आपलीच आहे अशी खात्री करून घेतली आणि मुकाट्याने पैसे दिले. सहीला जागणारा मनुष्य असा पुन्हा पाहिला नाही.

तिसऱ्या एक अक्का. त्या विड्या वळीत. तेंदूची पाने भिजवावयाची, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापावयाची, तंबाखू भरून वळावयाची, दोऱ्याने बांधावयाची. मजुरी हजारावर. पंचवीस विड्यांची एक जुडी. कारखान्यात तपासणारा बसे आणि मनास न आलेल्या विड्या बाजूला काढी. त्यांची मजुरी नाही. दिवसभर अशी मोजदाद केल्यावर अक्कांच्या डोक्यात पंचवीसाखेरीज दुसरा आकडा उरला नव्हता. वय विचारले की त्या सांगत, “दोन जुड्या आणि चार.” म्हणजे चोपन्न. मुलाच्या लग्नाला माणसे किती आली? “सोळा जुड्या, छाट वेगळी.” ज्यांनी आहेर न देता जेवण केले, ती छाट. वाडा हसे. पण वाण्याच्या हिशेबात सात बिऱ्हाडांपैकी कधी न फसलेले बिऱ्हाड अक्कांचे एकटीचे होते. झोपेतही त्यांची बोटे चालत. माळवदावर चांदण्यात आम्ही ती पाहिली आहेत.

चौथ्या आजी पाण्याच्या. १८७१ साली पुरा झालेला एकरुखचा तलाव, आपला हिप्परग्याचा, याने शहराला पिढ्यान्पिढ्या पाणी पाजले. पण १९७२ च्या दुष्काळाने साऱ्या जिल्ह्याला पाण्याची किंमत शिकविली. आजी तेव्हा खेड्यावरून मुलाकडे आल्या होत्या. त्या पहाटे दोनला घागर नळाखाली ठेवीत, घागरीच्या गळ्याला सुतळी बांधीत आणि तिचे दुसरे टोक स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधून तेथेच निजत. घागर कोणी सरकविली की आजी जाग्या. पुढे दुष्काळ सरला, नळ रोज येऊ लागला, तरी आजींची अकरा भांडी रोज भरलेली असत आणि आदल्या दिवसाचे पाणी रोज तुळशीला जाई. सुना हसत. आज उजनी धरण भरलेले असतानाही शहरात नळ काही दिवसांआड येतो. आमच्या घरी तीन पिंपे आणि गच्चीवर दोन टाक्या आहेत. कोणी आम्हांस विक्षिप्त म्हणत नाही.

या चार उदाहरणांवरून एक नियम निघतो. सामाईक घरात शेजाऱ्याचा जो विक्षिप्तपणा दिसतो, तो बहुधा त्याच्या कामाचा किंवा त्याच्यावर गुदरलेल्या काळाचा अवशेष असतो. मागावरून उतरलेला मनुष्य मागाचा आवाज घरी आणतो, गाडीवरून उतरलेला रात्र घरी आणतो. स्वतंत्र घरात हे अवशेष भिंतींआड झाकले जातात. वाड्यात फळीपलीकडे दहा माणसे असतात आणि प्रत्येकाचा अवशेष वेगळा.

मग ही माणसे एकत्र टिकली कशी? सहनशीलतेमुळे, असे म्हणावयास गोड वाटते. पण त्याचे एक रूक्ष कारणही होते. १९४७ साली मुंबई सरकारने भाडे नियंत्रणाचा कायदा केला. सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे ठरले आणि भाडे भरणाऱ्या बिऱ्हाडकरूस बाहेर काढणे मालकाला अवघड झाले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने हे जुने कायदे एकत्र केले; तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. या कायद्यांचे दोन परिणाम झाले. एक वाईट: मालकाच्या हाती डागडुजीपुरताही पैसा येईना, माळवदे गळू लागली, वाडे खचले. एक चांगला: शेजारी आवडत नाही म्हणून तो जाणार नव्हता. जो जाणार नाही त्याच्याशी माणूस अखेरीस जुळवून घेतो. आमच्या सहनशीलतेचा बराचसा भाग कायद्याने शिकविलेला होता, हे कबूल केले पाहिजे.

पण माणसाला घराबाहेर काढावयाचे तर कोर्टाखेरीज दुसराही एक मार्ग असतो. त्याची हकीकत आता सांगतो.

१९७० च्या हिवाळ्यात मालकांनी परसातील खोली एका साठीच्या गृहस्थांना दिली. गिरणीतून निवृत्त झालेले, एकटे, बोलणे थोडे. त्यांची एक विलक्षण सवय होती. संध्याकाळी बाहेरून आले की ते खोलीकडे जाण्यापूर्वी मालकांच्या ओट्यापुढे उभे राहून म्हणत, “आलोय मी.” सकाळी निघताना, “चाललोय मी.” मालक घरी नसले तरी रिकाम्या ओट्याला सांगत. एका रात्रीसाठी परगावी जावयाचे झाले की ते आमच्याकडे येत. “मास्तर, एक चिठ्ठी लिवून द्या की.” कसली चिठ्ठी? तर अमुक गृहस्थ अमुक तारखेस अमुक गावी नातलगाकडे जात आहेत, अमुक तारखेस परत येतील. खाली आमची सही. ती चिठ्ठी ते टोपीच्या घडीत ठेवीत. आम्ही विचारले, “ही दाखवायची कुणाला?” ते म्हणाले, “असू दे जवळ.”

वाड्यातील पोरांना खेळच मिळाला. कोणीही कोठूनही आले की ओट्यापुढे उभे राहून “आलोय मी” म्हणावयाचे. आम्हीही एकदा म्हणालो. त्यांना आम्ही नाव दिले ‘हजेरीवाले’. नाव किती नेमके होते, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

त्या फाल्गुनात मालकीणबाईंची पितळी समई नाहीशी झाली. माहेरची समई. सारा वाडा चौकात जमला. प्रत्येकाने आपापला तर्क सांगितला. त्या गर्दीत एक प्रश्न विचारला गेला: “रात्री परसाकडून कोण गेलं होतं?” प्रश्नात कोणाचे नाव नव्हते. पण परसात खोली एकच होती, आणि सर्वांच्या माना तिकडे वळल्या. ते दारात उभे होते. आज येथे स्पष्ट सांगितले पाहिजे की तो प्रश्न आम्ही विचारला होता. कडी आमच्याकडे होती, आपण चौकस आहोत असे आम्हांस दाखवावयाचे होते. पोलिसांत कोणी गेले नाही. त्यांना कोणी एक शब्द बोलले नाही. त्या रात्रीपासून त्यांनी अंथरूण चौकाच्या मधोमध, दिव्याखाली घातले. थंडी सरली नव्हती. सर्वांना ते सर्व वेळ दिसावेत, एवढाच हेतू होता. तीन रात्री ते तसे निजले. चौथ्या दिवशी महिन्याचे पूर्ण भाडे ओट्यावर ठेवून, “चाललोय मी,” असे म्हणून गेले.

बाराव्या दिवशी समई आली. मालकांच्या थोरल्या मुलीने ती डाग देण्यासाठी तांबटाकडे टाकली होती आणि सासरी जाण्याच्या गडबडीत सांगावयाची विसरली होती. समई पाटावर ठेवली तेव्हा चौकात कोणी बोलेना.

त्या सवयीचे कारण आम्हांस पुढे एका वडीलधाऱ्या सहशिक्षकांकडून कळले. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने तो साऱ्या हिंदुस्थानावर पसरला. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या गेल्या. गुन्हा सिद्ध होण्याचे कारण नव्हते. आईच्या पोटी येणे पुरेसे होते. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तो भाग आजही आपण सेटलमेंट म्हणूनच ओळखतो. तेथील माणसांनी ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, बाहेर जावयाचे तर पास घ्यावयाचा, पासावर गाव आणि तारीख. पासाखेरीज सापडला तर शिक्षा. गिरण्यांत त्यांतील कित्येकांनी काम केले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर संपला, आणि त्या जमातींना विमुक्त असे नाव मिळाले.

कायदा संपून अठरा वर्षे झाली होती. सवय संपली नव्हती. लहानपणापासून ज्याला रोज ‘मी येथे आहे’ असे सिद्ध करावे लागले, तो मनुष्य म्हातारपणी रिकाम्या ओट्याला हजेरी देत होता आणि मास्तरांकडून पास लिहून घेत होता. आम्ही त्याला तीन चिठ्ठ्या लिहून दिल्या, प्रत्येक वेळी हसू दाबून, आणि एकदाही खोलीत बोलावून विचारले नाही की काका, ही सवय तुम्हांला कुठे लागली? कारण कळल्यावर आम्ही त्यांचा शोध घेतला, पण महिना उलटून गेला होता. सेटलमेंटकडील ज्या घराचा पत्ता लागला तेथे ते आले होते आणि पुढे गेले होते. कोणत्या गावी, हे या वेळी कोणी लिहून घेतले नव्हते.

अण्णांचे, अक्कांचे, आजींचे कारण आम्हांस उशिरा का होईना कळले, कारण ती माणसे वाड्यात राहिली. वर्षे लोटली की कारणे आपोआप उलगडतात. ज्याला आपण चार महिन्यांत नजरेने बाहेर काढतो, त्याचे कारण कळावयास अवधीच उरत नाही; आणि हा न्याय साऱ्यांना सारखा लागू होत नाही. गर्जना करणाऱ्या अण्णांवर समईचा आळ कोणी घेतला नव्हता. वाड्यात ‘आपला’ आणि ‘परका’ अशा दोन वह्या होत्याच. खोली देताना जात विचारणारे मालक होते, आणि ‘आपल्यातलाच बघा’ म्हणणारे बिऱ्हाडकरूही होते. वाड्याच्या आठवणी काढताना डोळे ओले करणाऱ्यांनी ही दुसरी वहीही उघडावी.

आमच्याविषयीही एक गोष्ट सांगतो. अलीकडे मालकांच्या त्याच थोरल्या मुलीची गाठ पडली. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “मास्तर, तुम्हांला आम्ही काय म्हणत होतो माहीत आहे का? पुटपुटे मास्तर.” उद्याचा धडा आम्ही रात्री खोलीत येरझारा घालीत म्हणत असू. फळीपलीकडच्या बिऱ्हाडाने अकबराचा राज्यविस्तार तीन वर्षे ऐकला. चौदा वर्षे आम्ही इतरांची यादी करीत होतो; आमचे नाव त्यांच्या यादीत पहिल्याच दिवशी लागले होते.

आज ते वाडे बहुतेक पडले. बाळीवेशीच्या बाजूला आमचा पहिला वाडा होता, तेथे तीन मजली इमारत आहे. विडी कामगार आणि असंघटित कामगार यांची हजारो घरे कुंभारीच्या माळावर झाली. रे नगरमधील पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये वाटल्या गेल्या. ज्यांच्या आईने सामाईक नळावर जन्म काढला, त्यांना स्वतःची कडी मिळाली. यात दुःख मानण्यासारखे काही नाही. मात्र सामाईक घर संपले असेही नाही. २००४ साली सोलापुरात विद्यापीठ झाले. तालुक्यांतून, शेजारच्या जिल्ह्यांतून मुले येतात आणि आपल्यापैकी कित्येकांनी वरचा मजला त्यांना दिला आहे. आम्हीही दिला आहे.

या वर्षी संक्रांतीनंतर आमच्याकडे एक मुलगा राहावयास आला. पंधरा दिवसांनी पहाटे चारला डोक्यावर धपधप सुरू झाली. रोज चार ते पाच. खालच्या मजल्यावर झोप नाही. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, “काढून टाका, हल्ली अकरा महिन्यांचाच करार असतो.” तो खरोखरच सोपा मार्ग होता.

आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे चहाचे दोन कप घेऊन जिना चढलो. गुडघ्यांमुळे वेळ लागला. मुलगा घामाने निथळत गच्चीवर उभा होता. आम्ही विचारले, “काय रे बाळ, हे काय चालतं रोज?” तो ओशाळला. म्हणाला, “पोलीस भरतीची तयारी करतोय सर. सोळाशे मीटर पळायचं असतं. दिवसा दुकानात काम असतं. मैदान लांब आहे.” मग कप हातात घेऊन म्हणाला, “लई त्रास होतो का तुम्हाला?”

“होतो,” आम्ही म्हणालो, “पण कशाचा होतो ते आज कळलं.”

दुसऱ्या दिवसापासून तो अनवाणी पळतो. आवाज अजून येतो. आम्ही आता चारलाच उठतो आणि व्याख्यानाची टिपणे काढतो. आजचे व्याख्यानही त्याच वेळी तयार झाले, आणि त्याचे म्हणणे असे की सर खाली मोठ्याने पुटपुटतात.